वानोळ्यातली सुकट

प्रभाकर,

हुंगल्याशिवाय तू काही तोंडात घातलंस, असं मी एकाच घरात पाहिलं, आणि ते आमचं. वसतिगृहाच्या खानावळीत आमटीची वाटी तू आधी नाकाशी न्यायचास. आचारी वैतागायचा. मागच्या जन्मी मांजर होतास काय रे, असं विचारायचा. तू शांतपणे सांगायचास की डाळ कालची आहे, आणि ती कालचीच असायची. पुढे तुझ्या लग्नात, नवरदेव म्हणून पाटावर बसलेला असताना, तू श्रीखंडाची वाटी उचलून हुंगलीस. सुधावहिनींनी तुझ्याकडे पहिल्यांदा रागाने पाहिलं ते तेव्हा. आमच्याकडे मात्र चुलीपुढे बसून आई जे ताटात वाढेल ते तू सरळ खायचास. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणालास, "काशिनाथ, आईच्या हाताला काय हुंगायचं?"

हे वाक्य मी काही वर्षं जपलं. नंतर त्याच वाक्याचा राग केला. आता तू नाहीस, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

तू गेलास हे सांगायला तुझ्या प्रयोगशाळेतला सहायक मोरा बंदराच्या लाँचने आला आणि मला शाळेत भेटला. खुर्चीत बसल्या बसल्या गेलास म्हणाला, त्रास झाला नाही. शोकसभा ठेवली आहे, तुम्ही त्यांचे सर्वांत जुने मित्र, चार शब्द बोला. मी नाही म्हटलं. दुःखाने मला बोलता येणार नाही असं त्याला वाटलं, आणि मी ते तसं वाटू दिलं. खरं सांगायचं तर तिथे उभं राहून तुझी स्तुती करणं मला सहज जमलं असतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा असता, आणि तरीही मी खोटं बोललो असतो. म्हणून सभेत बोललो नाही. हे लिहितो आहे.

त्या दिवशी घरी जाऊन मी आईला काहीच सांगितलं नाही. तू गेलास हे सांगणं एक वेळ जमलं असतं. पण त्यामागून तिचा तोच प्रश्न आला असता, जो ती इतकी वर्षं विचारत होती. परभाकर का येत नाय? तू जिवंत होतास तोवर "येईल गं, कामात असतो" असं म्हणून वेळ मारून नेता येत होती. आता ती सोय तू घेऊन गेलास. खरं उत्तर द्यायचं, तर तिच्याच हातच्या वानोळ्याने गावाचं वर्षाचं पोट बुडवलं, हे तिला सांगावं लागणार होतं. ती आता सत्तरीपलीकडे आहे. याच खेड्यात, ज्यांचं पोट बुडालं त्याच बायकांच्या शेजारी, तिला मरायचं आहे. मी तिला काय सांगावं, हा एकच प्रश्न घेऊन मी तुझ्या बातमीनंतर हिंडत होतो. तुझ्यासाठी रडायलाही मला त्यामुळे सवड झाली नाही. हाही राग तुझ्यावरच.

तुझ्या कामाबद्दल मी पुष्कळ जाणतो, कारण मला सांगितल्याशिवाय तुला राहवायचं नाही. मी इंटरला नापास होऊन गावाकडे मास्तर झालो. तू शिकत राहिलास आणि अन्नाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत लागलास. मला वाटलं होतं तू काहीतरी मोठा शोध लावशील. तू हळद तपासत बसलास. चिमूटभर हळदीवर ॲसिडचा थेंब टाकायचा, आणि ती गुलाबी झाली की तिच्यात कापड रंगवायचा रंग आहे असं समजायचं. तो गुलाबी डाग दाखवताना तुझा चेहरा घरात पाळणा हलल्यासारखा फुलायचा. तुरीच्या डाळीतून लाखेच्या डाळीचे तिरके दाणे तू बोटाने वेगळे करून माझ्या तळहातावर ठेवले होतेस. ही रोज खाल्ली की माणसाचे पाय जातात, म्हणाला होतास. एका वर्षी गिरणीतल्या उत्तरेकडच्या कामगारांचे पाय सुजायला लागले. डॉक्टर औषधं देत होते, आणि तू त्यांच्या खोल्या हिंडून राईच्या तेलाच्या बाटल्या गोळा करत होतास. त्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल निघालं. तू ते शोधलंस आणि ते विकणारं दुकान बंद झालं. तो दुकानदार कोर्टाबाहेर तुझ्या पाया पडला, मला माहीत नव्हतं म्हणाला. मी तुला विचारलं, खोटं बोलत होता ना? तू म्हणालास, "सगळे हेच म्हणतात रे. आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं."

यावरून आपलं भांडण सुरू झालं आणि ते कधी संपलंच नाही. माझं म्हणणं, स्वस्त डाळ तू बाजारातून उठवलीस, तर ती खाणाऱ्याने दुसऱ्या दिवशी काय खायचं? तू म्हणायचास, ते माझं काम नाही. त्यात काय आहे एवढं सांगणं माझं काम. मी म्हणायचो, सांगितल्यावर काय होतं ते बघायलाही कुणीतरी हवं. तू हसायचास. तेवढ्यासाठीच देवाने तुला मास्तर केलंय, म्हणायचास. भाऊच्या धक्क्यावर लाँच सुटेपर्यंत आपण भांडायचो, आणि ती सुटल्यावर तू धक्क्यावरून ओरडून राहिलेला मुद्दा सांगायचास. तो मला इंजिनाच्या आवाजात कधीच ऐकू आला नाही.

आमच्या गावात तू येऊ लागलास तो माझा मित्र म्हणून, पण दुसऱ्या खेपेपासून आईचा पाहुणा झालास. जासई ओलांडून, मिठागरांच्या बांधावरून धोतर वर धरून तू चालत यायचास. बायका लांबूनच आईला आवाज द्यायच्या, तुजा म्हमईचा ल्योक आयला गो. आई तुला हातची मासळी खाऊ घालायची आणि निघताना वानोळा द्यायची. सुकट, कधी बोंबील, तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. पाहुणा रिकाम्या हाताने घराबाहेर पडला तर ती रात्रभर तळमळायची. फडकं परत करायचा आपल्याकडचा रिवाज तूही पाळायचास. ते रिकामं द्यायचं नाही. तू त्यात खडीसाखर बांधून पाठवायचास, आणि ती तपासलेली आहे असा निरोप सोबत असायचा. आई तो निरोप सगळ्या आळीला सांगायची.

आता त्या दिवसाबद्दल.

आगोटीचे दिवस होते. पावसाळ्याच्या बेगमीसाठी गिऱ्हाईकं वरच्या गावांतून आमच्याकडे येऊ लागली होती. सगळ्यांच्या वाळवणाच्या खळ्यांत बारीक कोळंबीसारखा जवळा पसरलेला होता. दोन उन्हं लागली की त्याची सुकट व्हायची. पूर्वी त्या दिवसांत गावात माश्यांचं असं राज्य असे की बोलायला तोंड उघडायची चोरी. बायका पोरांना खळ्यात बसवून झाडाच्या फांदीने माश्या हाकलायला लावत. मग मलेरियावाले आले. त्यांनी घरांच्या भिंतींवर फवारा मारला आणि डासांबरोबर माश्याही पडल्या. ते बायकांनी पाहिलं. त्यांनी फवारावाल्यांकडून थोडी थोडी पूड मागून घेतली. फडक्यात तिची पुरचुंडी बांधायची आणि वाळत्या जवळ्यावर हलक्या हाताने आपटत जायचं, एवढंच. सुकट स्वच्छ राहायला लागली. तिच्यात किडा पडेना, भाव चांगला येऊ लागला. मी शिकलेला माणूस, पण मलाही ती युक्ती फार हुशारीची वाटली होती.

तू खळ्याशी उभा राहिलास आणि बराच वेळ नुसता बघत राहिलास. मग विचारलंस, "आई, माश्या कुठं गेल्या?"

आमच्या शेजारची गोमाकाकी पलीकडे जवळा परतत होती. ती म्हणाली, "तुमच्याच म्हमईला गेल्या, शिनेमा बगाया."

सगळ्या हसल्या. तू हसला नाहीस. आई कौतुकाने सांगू लागली, पावडर लावलीय, पोराला आंघोल घातल्यावर लावतात ना, तशी. तू खाली वाकलास, चिमूटभर सुकट उचललीस आणि हुंगलीस. आमच्या दारात, पहिल्यांदा.

मी बघितलं. आईनेही बघितलं असणार, हे मला फार उशिरा कळलं.

जेवायला बसल्यावर पोट बरं नाही म्हणून तू ताकभात खाल्लास. आईला म्हणालास, ही पूड लावू नका आता. ती म्हणाली, सरकारची हाय ती, सरकार काय विष देल? तू ताकभात संपवलास आणि उठलास. निघताना तिने नेहमीसारखा वानोळा बांधला. तू दोन्ही हातांनी घेतलास, नेहमीसारखा.

बांधावरून चालताना तू मला विचारत गेलास. पूड कोण देतं, किती लावतात, कधीपासून, सगळ्या घरांत का, माल कुठे कुठे जातो. मी सगळं सांगितलं. अभिमानाने सांगितलं, आमच्या बायका किती चतुर आहेत हे तुला कळावं म्हणून. शेवटी तू म्हणालास, घरात सध्या सुकट खाऊ नका, मी तपासून सांगतो. मी विचारलं, काही भानगड आहे का? तू म्हणालास, "अजून माहीत नाही. कळलं की आधी तुलाच सांगेन."

त्यानंतर कळलं ते जीपमधून. खाकी कपड्यांतली माणसं आली, प्रत्येक खळ्यातून सुकट बाटल्यांत भरून घेतली, लाखेचे शिक्के मारले. काही दिवसांनी तीच माणसं परत आली. खाडीकाठी खड्डे खणले आणि गावातली सगळी सुकट त्यांत घातली, वर चुना, वर रॉकेल. बायका खड्ड्यांच्या कडेला उभ्या होत्या. कुणी शिव्या देत होतं, कुणी साहेबाच्या विनवण्या करत होतं. माझे डोळे सारखे जीपकडे जात होते, तू तिच्यातून उतरून हे थांबवशील म्हणून. तेव्हा उतरून तू खरं सांगितलं असतंस, तर मी तुझ्याशी तिथेच सगळ्यांसमोर भांडलो असतो, आणि बहुतेक तिथेच माफही केलं असतं. तू आला नाहीस.

त्या पावसाळ्यात गाव मीठभातावर राहिलं. पुढच्या वर्षी सुकट स्वच्छ होती, पूड न लावलेली होती, तरी गिऱ्हाईक फिरकलं नाही. माझ्या पगारावर आमचं भागलं. गोमाकाकीचं भागलं नाही. तिचा मुलगा रबाळ्याकडे, तिथे नव्याने उभ्या राहणाऱ्या कारखान्यांच्या बांधकामावर गेला आणि तिकडचाच झाला. चुगली कुणी केली यावर गावात रोज बैठक व्हायची. जासईकडच्या एका व्यापाऱ्यावर संशय गेला. त्याने मागे मालाच्या भावावरून भांडण केलं होतं, एवढाच पुरावा. गावाने त्याला माल देणं बंद केलं.

मी तुझ्या प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझ्या मनात तुझं नाव नव्हतं, हे तुला ठाऊक आहे का? मी तुझ्याकडे मदतीला आलो होतो. कळलं की आधी मलाच सांगणार होतास, म्हणून वाटलं, तुझ्या खात्यातल्या दुसऱ्याच कुणीतरी हे केलं आणि तुला कळवलंही नाही. तू माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलंस. मग मला आतल्या टेबलाशी नेलंस. तिथे काचेच्या दोन बरण्या होत्या, तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं. हे कसं करतात ते तू समजावून दिलंस. सुकटीचा अर्क बरणीत आतून फिरवायचा, सुकू द्यायचा, मग जिवंत माश्या आत सोडायच्या. एका बरणीत बाजारातल्या चांगल्या सुकटीचा अर्क होता. तिच्यातल्या माश्या भणभणत होत्या. दुसरीच्या तळाशी सगळ्या उताण्या पडल्या होत्या.

मी विचारलं, ही दुसरी कुठली?

तू म्हणालास, "आईने दिलेली."

तुला खायला दिलेला वानोळा तू बरणीत फिरवला होतास.

मग तू सगळं सांगितलंस. परळच्या एका चाळीत पोरं सुकटीची चटणी खाऊन ओकली होती, थरथर कापत होती, एका मुलीला आकड्या आल्या आणि ती गेली. कशाने ते सापडत नव्हतं, आणि सुकट कुठली तेही कुणाला सांगता येत नव्हतं. आमच्या खळ्यावर माश्या नाहीत हे बघितल्यावर तुझ्या मनात पाल चुकचुकली. मला सांगतास तर बरं झालं असतं, मी म्हटलं. एक निरोप पुरे होता. मी बायकांना समजावलं असतं, आम्हीच माल बाहेर काढून पुरला असता, निदान गावाची मान खाली गेली नसती.

तू म्हणालास, "तुला सांगितलं असतं तर माल हलला असता, काशिनाथ. दुसऱ्या कुठल्या चाळीत गेला असता."

"माझ्यावर विश्वास नव्हता?"

"तुझ्यावर होता. पण तू गावचा आहेस."

या वाक्याला मी आजवर उत्तर शोधतो आहे. मी गावचा होतो म्हणून तर तू आमच्या चुलीपुढे बसलास. मी गावचा होतो म्हणून बांधावर तुला सगळं खरं सांगितलं. माझा भोळेपणा तुझ्या उपयोगाचा होता, माझा शब्द नव्हता. तू चुकला होतास असं मी म्हणत नाही. तुझ्या जागी मी असतो आणि त्या मुलीची आई मला दिसली असती, तर मीही कदाचित तेच केलं असतं. पण केल्यावर मी आधी माझ्या मित्राच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो. तू काचेमागे उभा राहिलास.

आणखी एक सांगतो, लाज वाटते तरी. बरणीतली ती सुकट कुठून आली हे तू सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं. कागदोपत्री नमुने जीपवाल्यांनी घेतलेले होते, आईचं नाव कुठेच नव्हतं. तू गप्प बसला असतास तर मी आजही तुझा मित्र म्हणून रडलो असतो. तुला खोटं बोलता येत नव्हतं, आणि मला त्या दिवशी खोटंच हवं होतं.

मी उठून आलो. गावात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जासईच्या त्या व्यापाऱ्याची सुटका झाली असती, आणि सगळा राग आईच्या दारावर आला असता. तो माणूस वाटेत दिसला की मी दुसरीकडे बघायचो. अजूनही बघतो. तू एकदा माझ्या शाळेत आलास, तेव्हा मी वर्ग चालू आहे असा निरोप पाठवला. वर्ग सुटलेला होता. खिडकीतून तू मला दिसत होतास, हातात छत्री, फाटकाशी. नंतर ऐकलं की तू मलेरियावाल्यांच्या माणसांपुढे भाषणं देत फिरतोस, पूड कुणाच्या हातात देऊ नका म्हणून सांगतोस, कोळीवाड्यांतून बायकांपुढेही बोलतोस. कुठेही आमच्या गावाचं नाव घेत नाहीस, असंही ऐकलं. ऐकून मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा राग आला.

आई तुझी चौकशी करायची. फडका आला नाय रं परभाकरचा, म्हणायची. तब्येत बरी हाय ना त्याची? खाल्लेला पचतंय ना? सुधाची बरी हाय? मला ती माया वाटायची. बरी आहे, कामात असतो, इतकंच मी सांगायचो आणि तिथून उठायचो. माझं उठणं ती बघत होती. पुढे तिने वानोळा देणंच सोडलं, कुणालाच देईना. माझ्या बहिणीलाही सासरी जाताना मोकळ्या हाताने पाठवू लागली. खड्ड्यांच्या दिवसापासून तिचं मन विटलं, असं मी समजलो. माणूस समोर बसलेला असताना आपण किती सोयीचं समजून घेतो, प्रभाकर.

परवा संध्याकाळी मी तिला सांगितलं. ठरवून नाही. ती अंगणात तांदूळ निवडत होती, मी शेजारी बसलो आणि तू गेलास म्हणून सांगितलं. तिचा हात सुपातच थांबला.

तिने विचारलं, "कशानी?"

हृदयाने, मी म्हटलं.

"पोटाचा काय नव्हता ना?"

नाही, मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता. आणि मग मी सगळं सांगायला लागलो, मधे थांबता येईना म्हणून सांगत गेलो. बरण्या, माश्या, परळची पोरं, जीप, तू, आणि तिचा वानोळा. तिच्याच वानोळ्यावरून हे सगळं झालं, हे वाक्य मी जमिनीकडे बघून उच्चारलं. आता ती कोसळेल असं मला वाटलं होतं.

ती म्हणाली, "म्हंजे, त्यानं ती खाल्ली नाय?"

"नाही."

"सुधानं पन नाय? कोनीच नाय?"

"कुणीच नाही, आई. सगळी तपासायला गेली."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग डोळ्यांना पदर लावून रडायला लागली, मोकळं, आवाज काढून, घरचं माणूस गेल्यावर रडतात तसं. तुझं नाव घेत होती. मधेच म्हणाली, बरा केलान पोरानं, बरा केलान. मला वाटलं तिला नीट कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगू लागलो की गावाचं जे झालं ते त्याच्यामुळे. तिने मला हाताने थांबवलं.

"मना वाटं, माजे हातची खावून त्याला कायतरी झाला," ती म्हणाली. "म्हनून तो येत नाय. म्हनून तू त्याचा नाव काढला का उठून जातंस. मी त्या पोराला इख दिला, असा वाटं मना. रोज. आन तुला म्हाईत होता."

मला माहीत होतं. तिला काय वाटतं ते नव्हे, पण तू ती सुकट खाल्ली नाहीस हे मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. तिला गावाच्या रागापासून वाचवतो आहे असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि माझा राग जपत राहिलो. तुझं नाव घरात नको होतं मला. कुणाच्या ताटात काय आहे हे ठाऊक असून न सांगणं, याला तू काय म्हणाला असतास ते मला विचारायची गरज नाही.

तरी एक गोष्ट मी मागे घेत नाही. तू मला आधी सांगायला हवं होतंस. तू शब्द दिला होतास. हे मी तुझ्या तोंडावर बोललो असतो, तू माझ्या तोंडावर काहीतरी टोचणारं उत्तर दिलं असतंस, आणि आपण पुढे गेलो असतो. शाळेच्या फाटकाशी तू त्याचसाठी आला होतास का, हेही आता कळायचं नाही.

आई सुधावहिनींना भेटायला जाणार आहे. गोमाकाकीला सोबत घेऊन जाते म्हणाली, आणि वाटेत लाँचवर तिला सगळं सांगणार आहे, वानोळ्यासकट. मग गावाला कळेल, आणि जासईच्या त्या माणसालाही. मी नको म्हटलं नाही. तसंही तिने मला विचारलेलं नाही. हे सगळं ती माझ्या बायकोशी बोलते आणि मी ऐकतो. माझ्याशी ती त्या संध्याकाळपासून एक शब्द बोललेली नाही. ताट वाढते, पुढ्यात ठेवते, आत जाते. ज्याच्याशी आपलं माणूस बोलत नाही त्याने जेवायचं कसं, घास गिळायचा कसा, हे तुला माहीत असणार. इतकी वर्षं तू ते केलंस. माझ्यामुळे केलंस. आता मला ते तुझ्याकडून शिकून घ्यायचं आहे, आणि तू नाहीस.